पहिली-दुसरीच्या मुलांना लिहायला कसं शिकवायचं: गिरवून घ्यायचं की मनाने लिहू द्यायचं?

लिहायला शिकवणं ही खरंतर दोन कामं आहेत, एक हाताचं, म्हणजे अक्षराला वळण लावायचं, आणि दुसरं डोक्याचं, म्हणजे जे सांगायचंय ते कागदावर उतरवायचं. घोळ होतो तो दोन्ही एकाच पानावर तपासायला घेतली की.

गिरवणं आणि अनुलेखन, म्हणजे बघून तसंच उतरवणं, टाकाऊ अजिबात नाही, हात वळायला सराव लागतोच. पण रोज दहा मिनिटं बास झाली, आणि अक्षरं क ख ग अशी न घेता सारख्या वळणाची एकत्र घ्या, आधी ग म भ न, मग व ब क, मग ट ठ ढ. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमला लहान मुलांची शाळा काढली, तिथे मुलं खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवायची आणि सुटी अक्षरं मांडून शब्द बनवायची, म्हणजे पेन्सिल नीट चालायच्या आधीच शब्द जुळवता यायचे. हे घरीही जमतं, पुठ्ठ्यावर सँडपेपरची अक्षरं चिकटवायची.

फक्त नुसतं उतरवून काढणारं मूल पानभर सुंदर लिहितं आणि 'तुझ्या मनाने लिही' म्हटलं की गप्प बसतं.

म्हणून पहिल्यापासूनच सोबत मनाचं लेखन हवं. अक्षरं अजून येत नसतील तर मुलाने चित्र काढून सांगायचं आणि आपण खाली लिहायचं, पण त्याच्याच शब्दांत हं, आपली वाक्यं घुसवायची नाहीत. थोडी अक्षरं आली की ऐकू येतं तसं लिहू द्या.

समजा मुलाने लिहिलं, 'मनि दूद पेली'. आता नीट बघा, त्याला वेलांटी कळलीय पण ऱ्हस्व-दीर्घ नाही, 'दूध'मधला शेवटचा ध बोलताना हलका होतो म्हणून द आलाय, आणि 'प्या' हे जोडाक्षर शिकवलेलंच नाही. तुम्ही लगेच तिन्हींवर लाल रेघा मारल्या तर उद्या ते फक्त येणारेच शब्द लिहील. त्यापेक्षा आधी विचारा, मग मनी कुठे गेली? त्याला अजून एक वाक्य लिहू द्या. नंतर एकच गोष्ट घ्या, दूध, आणि तो शब्द दुसऱ्या दिवशीच्या श्रुतलेखनात टाका.

यावर पालक म्हणतात चुकीची सवय लागेल. शुद्धलेखन कधी शिकवलंच नाही तर लागेलच, आपोआप काही सुधारत नाही. पण त्याचा तास वेगळा ठेवा.

कच्चं लिहा, सुधारा, परत लिहा ही पद्धत अमेरिकेत लेखन-शिक्षणाचे अभ्यासक डोनाल्ड ग्रेव्ह्ज यांनी लहान वर्गांत रुजवली, छान आहे, पण पहिलीत अख्खं पान परत लिहायला लावू नका, मूल वैतागतं. मोठ्याने वाचून घ्या, राहिलेला शब्द त्याचं त्यालाच सापडतो, तो वर बारीक अक्षरात लिहिला तरी चालेल.