ईजीआर उघडायच्या आधी: जुन्या गाडीसाठी एका सकाळची तयारी

कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरला सिग्नल सुटला की गाडी दम खाते, मागं काळा धूर सोडते, आणि उभी असली की स्टिअरिंग हातात थरथरतं. जुन्या डिझेल गाडीची ही लक्षणं सांगितली की गॅरेजमध्ये पहिलं उत्तर येतं, "ईजीआर गेलाय." ईजीआर म्हणजे जळका वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह. असेलही तो गेलेला. पण तो उघडायच्या आधी थोडी तयारी केली तर निम्म्या वेळा तो उघडावा लागत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पहिली तयारी वहीची. आठवडाभर एक पान गाडीत ठेवा आणि त्रास नेमका कधी होतो ते लिहा: इंजिन गार असताना की तापल्यावर, उभ्यानं की चढाला, धूर काळा की पांढरा. हे लिहायला लागतं, कारण व्हॉल्व्हनं कधी उघडायचं आणि कधी मिटायचं हे ठरलेलं असतं. सायलेन्सरकडं निघालेल्या जळक्या वायूचा थोडा भाग तो परत इंजिनात सोडतो, त्यामुळं आतली आग जरा थंड राहते आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. इंजिनाला पूर्ण ताकद लागते तेव्हा त्यानं मिटायचं असतं. डिझेल गाडीत तो उघडाच अडकला तर डिझेल जळायला ताजी हवा कमी पडते, म्हणून काळा धूर आणि मेलेला पिकअप. पेट्रोल गाडीत तो उभ्या गाडीला सहसा बंद असतो, तिथं उघडा राहिला तर इंजिन थरथरतं, बंदही पडतं. उलट पेट्रोल गाडी घाटात खडखड वाजायला लागली तर व्हॉल्व्ह उघडत नसेल किंवा त्याची वाट बुजली असेल. आणि धूर पांढरा, वर कूलंट कुठं गळताना न दिसताही कमी होतंय, तर ईजीआर कूलरवर, म्हणजे तो परतीचा वायू गार करणाऱ्या भागावर, संशय घ्या; तशी गाडी फार पळवू नका.

आदल्या संध्याकाळी एअर फिल्टर काढून उजेडात धरा. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या मागून फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर नुसत्या धुळीनं बसलेला असतो आणि धूर तसाच काळा येतो. टर्बोपासून (इंजिनात हवा कोंबणारा पंखा) जाणाऱ्या जाड होजचे क्लॅम्प हातानं हलवून बघा, होजच्या खालच्या अंगाला तेलाचा ओघळ आहे का बघा. मग व्हॅक्यूमचे, म्हणजे हवेच्या ओढीनं व्हॉल्व्ह उघडणारे, बारीक रबरी पाइप. इथं मी घाई करणार नाही, कारण माझ्या वडिलांच्या गाडीला एका गॅरेजनं नवा व्हॉल्व्ह बसवला होता, आणि चौथ्या दिवशी धूर परत. शेवटी पाइप एकेक करून काढला, तेव्हा कोपरावर, जिथं तो वळून नळीवर चढतो, तिथं नखाएवढी चीर होती. सरळ धरला की मिटायची, वाकवला की उघडायची. त्यामुळं नुसते बघू नका, प्रत्येक पाइप वाकवून बघा.

सामान आदल्या रात्रीच एका डब्यात भरा. दहा-बाराचा सॉकेट आणि एक्स्टेंशन, हातपंपाचं व्हॅक्यूम गेज, कार्ब क्लीनर, जुना टूथब्रश, लाकडी पट्टी, भरपूर चिंध्या, हातमोजे, चष्मा, आणि नवं गॅस्केट. गॅस्केट हातात असल्याशिवाय बोल्ट ढिला करू नका. उद्यमनगरात फिरून सगळं मिळतं, पण गाडी उघडी पडलेली असताना त्या मापाचं मिळेलच असं नाही. उष्णतेनं धरलेल्या बोल्टांवर रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरचं आधीच बोलून ठेवा. २०१० च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांशी स्वस्तातलं ब्लूटूथ यंत्र बोलतच नाही, त्यासाठी ओळखीच्या गॅरेजचा मोठा स्कॅनर लागतो. पी०४०१ म्हणजे वायू कमी जातोय, पी०४०२ म्हणजे जास्त, पी०४०३ म्हणजे वायरिंग किंवा कॉइल. कोडचा फोटो काढायचा, पुसायचा नाही. पी०४०१ दिसला म्हणून व्हॉल्व्हच खराब असं होत नाही. कार्बननं वाट बुजली, पाइप फाटला किंवा आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर मळला तरी तोच कोड येतो.

सकाळी दोन तपासण्या पुरतात. इंजिन बंद ठेवून व्हॅक्यूमवर चालणाऱ्या व्हॉल्व्हला हातपंप लावा; सुई जागेवर थांबली तर व्हॉल्व्हच्या आतला पडदा शाबूत, खाली घसरली तर फाटलेला. मग गाडी मोकळ्या जागेत तापवा, बंद शेडमध्ये नको, आणि चालू इंजिनावर पंपानं व्हॉल्व्ह उघडा. पेट्रोल गाडी अडखळली पाहिजे. डिझेलमध्ये फरक कानाला कमी कळतो, म्हणून स्कॅनरवर हवेच्या सेन्सरचा आकडा बघा: व्हॉल्व्ह उघडला की तो खाली यायला हवा. आला नाही तर वायू आत पोचत नाही, आणि आता उघडायला कारण आहे.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर, बॅटरीची निगेटिव्ह काढून उघडा. आत डांबरासारखा ओला कार्बन दिसेल. काजळी आणि इंजिनाच्या तेलाची वाफ मिळून तो थर धरतो, आणि रंकाळा ते राजारामपुरी एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या, कधी नीट न तापणाऱ्या गाडीत जास्तच. मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीच्या, तोंडात चिंधी कोंबा, मगच खरवडा. सुटलेला खडा आत गेला तर खर्च वेगळाच. कनेक्टरच्या बाजूला क्लीनर मारू नका. लोखंडी पाना बैठकीवर घासू नका, त्यासाठीच लाकडी पट्टी घेतलीय.

या टप्प्यावर कुणीतरी हमखास म्हणेल, "पत्रा कापून व्हॉल्व्हची वाट बंद करून टाका की." ऐकू नका. पीयूसीत डिझेल गाडीचा फक्त धुराचा दाटपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाहीत. त्यामुळं पत्रा मारलेली गाडी पास होते, आणि ते वायू आपल्याच गल्लीतली पोरं घेतात. मला हे पटत नाही.

जोडून झालं की इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह असेल तर स्कॅनरनं त्याचं सेटिंग करून घ्या, कोड आता पुसा, आणि शिवाजी पुलावरून केर्लीमार्गे पन्हाळ्याकडं निघा. वाघबिळाच्या पुढं चढ लागतो, तिथं तिसऱ्या गिअरला पाय पूर्ण दाबा. सोबत कुणाला तरी घ्या, मागचा धूर आणि स्कॅनरचा आकडा त्यानं बघून लिहावा. तुमचे डोळे वळणावर पाहिजेत.