होम डिटेन्शनसाठी घराचा पत्ता देताय? घरातल्यांची चौकशी कशी होते आणि आधी काय करून ठेवायचं (न्यूझीलंड)

न्यूझीलंडमध्ये आपल्यापैकी कोणाची केस शिक्षेपर्यंत आली आणि वकील म्हणाला की होम डिटेन्शन मागू या, एक पत्ता द्या, की घरातले सगळे पटकन हो म्हणून मोकळे होतात, कारण त्या क्षणी जेल नको एवढंच डोक्यात असतं. पण पत्ता देणं म्हणजे त्या घरातली सगळी माणसं चौकशीला उभी करणं, आणि हे बऱ्याच जणांना प्रोबेशन ऑफिसरचा फोन आला की मग कळतं. तेव्हा घाई होते आणि घाईत लोक लपवाछपवी करतात.

आधी थोडक्यात हे प्रकरण काय ते. इथे 1999 मध्ये होम डिटेन्शन आलं तेव्हा ते जेलच्याच शिक्षेचा भाग घरी काढणं असं होतं, 1 ऑक्टोबर 2007 पासून ती वेगळी शिक्षा झाली. कोर्टाने एरवी दोन वर्षं किंवा त्याहून कमी जेल दिली असती अशा केसमध्ये त्याऐवजी ही देता येते, कमीत कमी 14 दिवस, जास्तीत जास्त 12 महिने. पायात इलेक्ट्रॉनिक पट्टा, चोवीस तास नजर, परवानगीशिवाय बाहेर नाही. कडकपणात जेलच्या खालोखाल हीच. आपल्याकडे नजरकैद म्हटलं की एल्गार परिषद प्रकरणातल्या गौतम नवलखांची केस आठवते, 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना तळोजा जेलमधून नवी मुंबईत एका घरात ठेवायला सांगितलं होतं, पण ते कच्चे कैदी होते, ती शिक्षा नव्हती. इथे गुन्हा सिद्ध झालेला असतो.

पहिलं काम: घरात कोण राहतं त्याची खरी यादी करा

कोर्ट शिक्षेआधी करेक्शन्स खात्याकडून (जेल आणि प्रोबेशन बघणारं सरकारी खातं) रिपोर्ट मागवतं, वकील लोक त्याला पीएसी रिपोर्ट म्हणतात. त्यात ऑफिसरला ते घर योग्य आहे का, आणि तिथे राहणाऱ्यांच्या सुरक्षिततेचं काय, हे लिहावं लागतं. कुटुंबाचं घर असेल तर तिथे नेहमी राहणाऱ्या 16 वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाची संमती लागते, म्हणजे बारावीतल्या पोरीचीही. फ्लॅटमेट्सचं घर असेल तर कोणाकोणाला विचारायचं ते ऑफिसर ठरवतो.

गोंधळ होतो तो पाहुण्यांचा. व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा, नोकरी शोधत हॉलमध्ये झोपणारा भाचा, गराजमध्ये ठेवलेला बोर्डर (पैसे देऊन राहणारा). यांना यादीत धरायचं का नाही हे तुम्ही ठरवू नका, सगळी नावं सांगून टाका आणि ऑफिसरला ठरवू द्या. नंतर चपलांच्या स्टँडवर दोन जोड जास्त दिसले तर उत्तर देणं अवघड जातं.

दुसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं: घरातल्यांना खरं काय ते तुम्हीच आधी सांगा

कायद्याने ऑफिसरला संमती घेण्याआधी त्या प्रत्येकाला गुन्ह्याचं स्वरूप सांगावं लागतं, आत्ताच्या आणि आधीच्याही. ही फॉर्मॅलिटी नाही. एका ओळखीच्या घरी मी भाषेच्या मदतीला म्हणून बसलो होतो. मुलगा दारू पिऊन गाडी चालवण्यात पकडला गेलेला, तिसऱ्यांदा, आणि इथे तिसऱ्या वेळेपासून दोन वर्षांपर्यंत जेल होऊ शकते. आईला सांगितलं होतं की "लायसन्सचं काहीतरी झालंय". ऑफिसर बाई टेबलाशी बसल्या, समोर चहा आणि चकल्या, त्यांनी शांतपणे इंग्लिशमध्ये सांगितलं की ही तिसरी वेळ आहे, आणि मी मराठीत सांगायच्या आधीच सून मध्ये पडून म्हणाली, "आई, त्या म्हणतायत गाडीचं प्रकरण आहे." आईंनी माझ्याकडे बघितलं. मला तिसरी हा शब्द बोलावा लागला. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त चहाची बशी उचलून परत खाली ठेवली, आणि दहा मिनिटांनी ऑफिसरने विचारलं की तुमची संमती आहे का, तर म्हणाल्या मला उद्यापर्यंत वेळ द्या. दिली त्यांनी दुसऱ्या दिवशी, पण ती रात्र त्या घराने कशी काढली असेल कोण जाणे.

म्हणून ऑफिसर घरी येण्याच्या निदान दोन-तीन दिवस आधी बसून बोला, काय केलं, कितव्यांदा, किती महिने घरात राहावं लागेल, लोक येतील-जातील, दारू घरात ठेवायची नाही अशी अट लागू शकते. "चार लोक काय म्हणतील" हा विषयही तेव्हाच काढा, ऑफिसरसमोर नको. आणि आई-बाबांना इंग्लिश येत नसेल तर दुभाषा मागा. घरातल्या माणसाने भाषांतर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण आपली माणसं प्रेमापोटी खोटं बोलतात.

मग प्रत्येकाच्या मागच्या गोष्टी

ऑफिसर फक्त शिक्षा होणाऱ्याचं बघत नाही. त्या पत्त्यावर पोलीस आधी कधी आले होते का, घरात मारहाण-भांडणाची नोंद आहे का, राहणाऱ्यांपैकी कोणावर काही केस आहे का हे बघितलं जातं, आणि लहान मुलं असतील तर ओरांगा तामारीकी या मुलांसाठीच्या सरकारी खात्याकडेही विचारणा होऊ शकते. घरातल्या कोणाला स्वतःचं रेकॉर्ड नक्की आठवत नसेल, तर ज्याचं त्याने न्याय मंत्रालयाकडून मागवून घ्यावं, स्वतःचं स्वतः मागायला पैसे पडत नाहीत. जुनी केस "क्लीन स्लेट"मध्ये गेली म्हणजे पुसलीच गेली असं काही जण धरून चालतात. त्या 2004 च्या कायद्याने सात वर्षं स्वच्छ राहिलेल्यांच्या किरकोळ जुन्या शिक्षा झाकल्या जातात, पण त्याला अटी आहेत आणि अपवादही आहेत, त्यामुळे आधी वकिलाला विचारा.

एखाद्याची जुनी नोंद निघाली म्हणजे पत्ता बाद असं नसतं. दिराची दहा वर्षांपूर्वीची चोरीची केस आणि दारूड्या मेहुण्याबरोबर दारूच्याच केसमधला माणूस ठेवणं, यात फरक ऑफिसरलाही कळतो. ज्याच्यावर हात उचलल्याची केस आहे त्याला त्याच बायकोच्या घरी पाठवायचा पत्ता मात्र देऊच नका, ती स्वतः हो म्हणत असली तरी. ती हो का म्हणतेय हे ऑफिसर तिला एकटीला विचारेल, आणि विचारायलाच हवं.

व्हिजिटच्या दिवशी

फार सजवासजव नको. कुत्रा असेल तर बांधून ठेवा. पट्ट्यावर नजर ठेवणाऱ्या यंत्रासाठी प्लग पॉइंट आणि मोबाइल सिग्नल लागतो, म्हणून कुठल्या खोलीत रेंज जाते ते आधी फिरून बघा. हद्द कुठपर्यंत ते विचारून घ्या, म्हणजे मागच्या अंगणातल्या दोरीवर कपडे वाळत घालायला जाता येईल का, लेटरबॉक्सपर्यंत चालेल का. हे प्रश्न बावळट वाटतात पण पुढचे काही महिने रोज लागणार आहेत.

संमती देताना आणि नंतर

सही करायच्या आधी घरातल्या प्रत्येकाला हे माहीत असू द्या की संमती कधीही मागे घेता येते, शिक्षा चालू असतानासुद्धा, आणि ऑफिसरनेही हे सांगणं बंधनकारक आहे. तसं झालं तर दुसरा पत्ता शोधावा लागतो, नाही मिळाला तर प्रकरण परत कोर्टात जातं आणि जेलही होऊ शकते. म्हणून पोराच्या दबावाखाली दिलेली संमती कोणाच्याच कामाची नाही, तिसऱ्या महिन्यात घर फुटतं. ऑफिसरचा नंबर घरातल्या मोठ्या माणसांच्या फोनमध्येही सेव्ह करून द्या, फक्त ज्याच्या पायात पट्टा आहे त्याच्या नको.

आणि घर नापास झालं तर लगेच हात टेकू नका. कोर्टाला होम डिटेन्शन द्यायचंच होतं पण योग्य जागा नव्हती एवढ्याच कारणाने जेल दिली असेल, तर नंतर जागा मिळाल्यावर अर्ज करून शिक्षा बदलून घ्यायची परवानगी कोर्ट निकालातच देतं. ती परवानगी कागदावर आहे का ते निकालाच्या दिवशीच वकिलाकडून बघून घ्या, आणि दुसरं घर शोधायला त्याच आठवड्यात लागा.