झोन आला, पण कशाने? रानवनस्पतींच्या चाचण्यांमधल्या या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडच्या कॉलेजांत एमएस्सीचे प्रोजेक्ट संपत आले की प्रयोगशाळेत एक वाक्य हमखास कानावर येतं: "सर, झोन आला!" जिवाणूंच्या दाट थरात मधेच स्वच्छ वर्तुळ दिसलं, म्हणजे सातपुड्यातून आणलेल्या पाल्यात औषध आहे, असा हिशेब लगेच मांडला जातो. पण झोन अल्कोहोलने येतो, आंबटपणाने येतो, शेतातल्या फवारणीनेही येऊ शकतो. हे सगळं बाद करून जे उरेल तेवढंच वनस्पतीच्या खाती लिहायचं.

गडबड रानातूनच सुरू होते

कुडा घ्या. आमांश-अतिसारावर कुड्याची साल खानदेशात सगळ्यांना ठाऊक. पण पांढरा कुडा वेगळा आणि काळा कुडा वेगळा. पांढरा म्हणजे होलॅऱ्हेना प्युबेसेन्स. जुन्या शोधनिबंधांत तो होलॅऱ्हेना अँटिडिसेन्टेरिका या नावाने सापडतो. काळा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. चीक दोघांनाही पांढराच, शेंगाही दोघांच्या जोडीने लोंबतात. काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगांची टोकं एकमेकांना चिकटलेली असतात आणि फुलाच्या मधोमध झालरीसारखे तंतू असतात; पांढऱ्याच्या फुलात ही झालर नसते. फुलं-शेंगा नसताना नुसती साल आणली की ओळख अंदाजपंचे. शंखपुष्पीचं तर विचारूच नका. कुणी निळी विष्णुक्रांता देतं, कुणी पांढरट फुलांचा कॉन्व्हॉल्व्हुलस, कुणी सरळ गोकर्ण.

म्हणून आठवडे बाजारातल्या पुडीवर प्रोजेक्ट उभा करू नका. फुलाफळांसह फांदी दाबून वाळवा, गाव, तारीख, उंची लिहा, आणि तो नमुना कॉलेजच्या वनस्पतीसंग्रहात किंवा पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात तपासून क्रमांक घ्या. पाड्यावरचे जाणकार ज्या नावाने झाड ओळखतात ते नावही लिहून ठेवा, फक्त त्याच्या भरवशावर शास्त्रीय नाव ठोकू नका. यावल अभयारण्यात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पानही तोडायचं नाही. मुसळीसारखं कंद खणून काढावं लागणारं काही असेल तर चाचणीला लागेल तेवढंच घ्या.

आता फवारणीचं. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात करप्यासाठी बुरशीनाशकं मारतात. त्याच बांधावरची वनस्पती आणून तुम्ही बुरशीवर चाचणी केली आणि सुंदर झोन आला, तर श्रेय कुणाचं? कपाशीच्या बांधाचंही तेच. नमुना शेतापासून लांबचाच घ्या. पाला धुतल्याने धूळ जाते, पण पानात मुरलेलं औषध जात नाही.

वाळवण्यात दोन टोकं दिसतात. उन्हाळ्यात पाला पत्र्यावर पसरतात. बाहेरच पारा ४५ च्या घरात असतो, पत्रा त्याहून तापतो, आणि उडून जाणारी तेलं, उष्णता न सोसणारी द्रव्यं तिथेच संपतात. पावसाळ्यात उलट: गोणीत दाबून आणलेला ओला पाला दुसऱ्या दिवशी वास मारतो. त्यावर वाढलेली बुरशी स्वतःच जिवाणूनाशक पदार्थ तयार करू शकते, आणि मग चाचणी झाडाची की बुरशीची, हे ठरवता येत नाही. सावलीत, वारा खेळता ठेवून, पातळ थरात वाळवा.

अर्क आणि प्लेट

अर्क बहुधा मिथेनॉल या अल्कोहोलमध्ये काढतात. ते पूर्ण उडालं नसेल तर झोन मिथेनॉलचा. ते उडवणारं यंत्र, रोटरी इव्हॅपोरेटर, ४० अंशांच्या आसपास चालवा आणि वजन स्थिर होईपर्यंत सुकवा. अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवला असेल तर तेवढंच नुसतं डीएमएसओ दुसऱ्या विहिरीत (जिवाणू वाढवायच्या थरात पाडलेल्या भोकात) घालून बघा. नियंत्रण (तुलनेसाठी अर्काशिवायची विहीर) म्हणून डिस्टिल्ड वॉटर ठेवणारे अजूनही भेटतात. अर्क ज्यात विरघळवला तेच नियंत्रण हवं. आवळ्यासारख्या आंबट फळाच्या अर्काचा पीएच मोजा, आणि त्याच पीएचचं नुसतं आम्ल शेजारच्या विहिरीत घाला. पुष्कळदा झोन तिथेही उमटतो.

आगर, म्हणजे ज्यावर जिवाणू वाढतात तो जेलीसारखा थर, सगळीकडे सारखा ४ मिलिमीटर जाड हवा. पातळ पडला की झोन फुगतो. जिवाणूंच्या द्रावणाचा गढूळपणा ०.५ मॅकफार्लंड या प्रमाणाशी जुळवा, म्हणजे मिलिलिटरला साधारण १.५ × १०^८ पेशी. विरळ पडलं तरी झोन फुगतो. दोन्ही चुका तुमच्या आवडीच्या दिशेनेच जातात, म्हणून त्या कुणी शोधत बसत नाही. एका प्लेटमध्ये तीन विहिरी केल्या म्हणजे प्रयोग तीनदा झाला असंही नाही. वेगळ्या दिवशी, नव्याने वाढवलेल्या जिवाणूंवर पुन्हा करा.

इनक्युबेटरची, म्हणजे प्लेट ठरलेल्या तापमानाला ठेवायच्या पेटीची, अडचण आपल्याकडची खास. साध्या इनक्युबेटरला फक्त हीटर असतो, तो थंड करू शकत नाही. मे महिन्यात भुसावळला खोलीच ४१-४२ अंशांवर असेल तर ३७ वर लावलेला काटा नुसता शोभेचा. बुरशीच्या २८ अंशांच्या चाचणीला तर थंडही करू शकणारा बीओडी इनक्युबेटरच लागतो. आत वेगळा थर्मामीटर ठेवा आणि सकाळ-दुपार आकडा लिहा. रात्री वीज गेली असेल तर तेही लिहा. शक्य असेल तर हे काम हिवाळ्यातच उरका.

मग येतं तुलनेचं कोष्टक: अर्काचा झोन १८ मिलिमीटर, अँटिबायोटिकचा २२, निष्कर्ष "जवळजवळ तेवढाच प्रभावी". कागदाच्या डिस्कमध्ये (चकतीत) अँटिबायोटिक होतं १० मायक्रोग्रॅम, विहिरीत अर्क होता १० मिलिग्रॅम. फरक हजार पटींचा. शिवाय झोनचा आकार तो पदार्थ आगरमध्ये किती पसरतो यावरही ठरतो. तेलकट द्रव्यं पसरतच नाहीत, आणि चांगली वनस्पती नापास होते. झोन ही पहिली चाळणी, एवढंच समजा. पुढे सूक्ष्म विरलीकरणाने (अर्क छोट्या विहिरींत टप्प्याटप्प्याने पातळ करत) एमआयसी, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारी सर्वांत कमी सांद्रता, काढा. ती मिलिलिटरला १ मिलिग्रॅमच्या वर गेली तर अर्कात फार दम नाही. १०० मायक्रोग्रॅमच्या खाली आली तर लक्ष द्यावं असं काही असू शकतं.

एमआयसीत रिसाझुरिन हा रंग वापरत असाल तर सांभाळा. जिवंत जिवाणू त्याचा निळा रंग गुलाबी करतात, पण प्रतिऑक्सिडीकारक (अँटिऑक्सिडंट) अर्कही करू शकतो. जिवाणू नसलेल्या विहिरीत अर्क आणि रिसाझुरिन घालून बघा. धायटी, हिरडा यांसारख्या टॅनिनभरल्या अर्कांत साका बसून गढूळपणा येतो, तोही वाढीसारखा दिसतो. शंका आली की त्या विहिरीतला थेंब ताज्या आगरवर पसरा.

डीपीपीएच पिवळं झालं म्हणून

डीपीपीएच हे जांभळं रसायन प्रतिऑक्सिडीकारक अर्काने पिवळं पडतं. ही चाचणी सोपी वाटते म्हणून तिच्यात हयगय जास्त. जांभळं द्रावण अर्क घालून अंधारात अर्धा तास ठेवायचं आणि ५१७ नॅनोमीटरच्या प्रकाशात रंग किती उरला ते मोजायचं. हिरव्या अर्काचा स्वतःचा रंगही तिथे थोडा शोषतो, म्हणून अर्क आणि मिथेनॉल एवढ्याचंच वाचन घेऊन ते वजा करा. तापलेल्या खोलीत उघड्या परीक्षानळीतून मिथेनॉल उडतं, द्रावण घट्ट होतं, वाचन सरकतं. बूच लावा. द्रावण रोज ताजं करा, कालचं आज नको.

आयसी-५०, म्हणजे निम्मा रंग घालवायला लागणारी अर्काची सांद्रता, जितकी कमी तितका अर्क जोरदार. कोष्टकात हे उलटं वाचणारे सापडतात. १०० मायक्रोग्रॅमला ३८ टक्केच रंग गेला असेल तर रेष पुढे ओढून आयसी-५० काढू नका, सांद्रता वाढवून पुन्हा मोजा. तुलनेचं ॲस्कॉर्बिक आम्ल (क जीवनसत्त्व) त्याच दिवशी, त्याच द्रावणावर चालवा, कारण दुसऱ्याच्या निबंधातला आकडा त्याच्या डीपीपीएचच्या सांद्रतेवर ठरलेला असतो. फिनॉल वर्गातली द्रव्यं मोजायची फोलिन-सिओकाल्टोची ७६५ नॅनोमीटरची चाचणीसुद्धा फक्त फिनॉल मोजत नाही, क जीवनसत्त्व आणि काही शर्कराही त्यात येतात. आणि नळीत रंग गेला म्हणजे शरीरात काही घडलं, असं अहवालात लिहू नका.

पाड्यावर काढा पितात

जाणकार साल पाण्यात उकळून देतात, आपण मिथेनॉलचा अर्क तपासतो आणि खाली लिहितो, "पारंपरिक वापराला दुजोरा मिळाला." मिळालेला नसतो. साल तेवढ्याच पाण्यात, तेवढाच वेळ उकळा, ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा आणि तो काढा मिथेनॉलच्या अर्काशेजारी चालवा. काढ्याला झोन आला नाही तरी घाईने औषध खोटं ठरवू नका. अतिसारावरचं औषध जंतू न मारता आतड्यावरही काम करत असेल, आणि ते पेट्री प्लेटला कळत नाही. दोन्ही आकडे अहवालात द्या, शून्य असेल तर शून्यच. वापरलेल्या प्लेट मात्र १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय (दाबाच्या वाफेने निर्जंतुक केल्याशिवाय) कचऱ्यात टाकू नका.