वाड्याच्या गणेशपट्टीची नक्षी घरच्या सीएनसी राउटरवर

वाळवी भिंतीकडून येते. म्हणून सपरीतून, म्हणजे ओसरीतून, पाहिलं तर दारावरची गणेशपट्टी ठणठणीत दिसते आणि मागून तिचा भुसा झालेला असतो. आधी पेचकसाच्या मुठीनं ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तरी पट्टी लगेच उपसू नका. तशीच नवी पट्टी सीएनसी राउटरवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमानं बिट (कापणारं हत्यार) फिरवून लाकूड कोरणाऱ्या मशीनवर, करायची तर जुनीची मापं लागतात, आणि ती जागेवर आहे तोवरच खरी मिळतात.

पुढचे आकडे ६०० बाय १५० मिलिमीटरच्या पट्टीचे आहेत. मशीनचा बेड, म्हणजे फळी बसवायचा पाट, ६० बाय ९० सेंटीमीटरचा आणि स्पिंडल, म्हणजे बिट फिरवणारी मोटर, १.५ किलोवॅटची धरली आहे. ३०१८ नावाची छोटी मशीन एखादं कमळ कोरते, पण सागात तिला एका फेरीत अर्धा मिलिमीटरही जड जातो.

लांबी-रुंदी सगळेच मोजतात, खोली राहून जाते. मशीनवरचं काम कॅलेंडरवरच्या चित्रासारखं चपटं दिसतं ते यामुळेच. जुन्या पट्टीवर ऑइलपेंटचे थर चढलेले असतात आणि खाचा त्यानं भरलेल्या असतात. तळहाताएवढ्या जागेवरचा रंग पेंट रिमूव्हरनं काढून खरा तळ उघडा करा. मग दोन उंच पाकळ्यांवर सरळ पट्टी आडवी टेकवा आणि व्हर्नियरच्या मागच्या दांडीनं दर दोन सेंटीमीटरवर खोली घ्या. फोटो तीन मीटरवरून, झूम करून काढा. जवळून काढलेल्या फोटोत कडा फाकतात. थ्रीडी जाळी, म्हणजे नक्षीचा कॉम्प्युटरमधला उंच-सखल साचा, हवी असेल तर सावलीत, एकावर एक येणारे ६०–८० फोटो लागतात. मेशरूम हे मोफत सॉफ्टवेअर ती बनवतं, मात्र पूर्ण तपशिलासाठी कॉम्प्युटरला एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असावं लागतं.

जाळी तशीच कोरायला देऊ नका. झिजलेलं नाक आणि तुटलेली पाकळीही त्यात जशीच्या तशी उतरते. तिच्यावरून ब्लेंडर या मोफत थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये नक्षी नव्यानं उभी करा. अर्धी करून आरसा मारण्याचा मोह होतो, पण वाढयाच्या, म्हणजे सुताराच्या, हातची डावी-उजवी वेल कधीच तंतोतंत सारखी नसते. निदान दोन पानं तरी वेगळी ठेवा. उंचीचा नकाशा चित्र म्हणून (उजळ भाग उंच, काळा खोल) काढणार असाल तर १६ बिटचाच काढा. ८ बिटमध्ये २५६च पातळ्या असतात. १५ मिलिमीटर खोलीत प्रत्येक पायरी ०.०६ मिलिमीटरची होते आणि गणपतीच्या गुळगुळीत पोटावर बांध घातल्यासारख्या रेघा उमटतात.

लाकूड सागाचंच घ्या, गाभ्याचं. बल्लारशाच्या डेपोतलं सागवान २०२३ साली अयोध्येच्या मंदिरासाठी गेलं, पण तसलं पहिल्या प्रतीचं लाकूड इथं लागत नाही. पाडलेल्या घराची जुनी मयाल (तुळई) उत्तम, कारण ती वाळून स्थिर झालेली असते. फक्त आरामशीनवर चिरून आणल्यावर चारही बाजूंनी लोहचुंबक फिरवा. आत मोडून राहिलेला एक खिळा कार्बाइडचा बिट संपवतो. सागात सिलिका असते, त्यामुळे एचएसएसचे (हाय-स्पीड स्टीलचे) बिट लवकर बोथट होतात. कार्बाइडच वापरा. नवं लाकूड घेतलं तर पावती जपून ठेवा.

फळी बेडवर दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपनं बसवू नका. सागाला तेल असतं आणि मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये टेपचा गोंद सैल पडतो. फळी चारही बाजूंनी २५ मिलिमीटर जास्त ठेवा आणि त्या वाया जाणाऱ्या कडेत स्क्रू मारा. बेडवर फळीखाली असलेला एमडीएफचा (दाबलेल्या भुशाचा) पाट पावसाळ्यात फुगतो, म्हणून मोठं काम घेण्याआधी त्याचा वरचा थर २२ मिलिमीटरच्या बिटनं सपाट करून घ्या.

खडबडीत काम ६ मिलिमीटरच्या दोन धारी एंड मिलनं (सपाट टोकाच्या बिटनं) करा: बिटचे मिनिटाला १२,००० फेरे, सरकण्याचा वेग मिनिटाला १,५०० मिलिमीटर, एका फेरीत २ मिलिमीटर खोली, आणि बारीक कामासाठी वर अर्धा मिलिमीटर शिल्लक. धूर दिसला तर वेग वाढवा किंवा फेरे कमी करा. बहुतेक जण भीतीनं वेग कमी करतात, मग धार कापायचं सोडून घासू लागते आणि लाकूड जळतं.

बारीक काम निमुळत्या बॉलनोजनं (गोल टोकाच्या बिटनं) करा, टोकाची त्रिज्या १ मिलिमीटर. शेजारच्या दोन रेघांत ०.२ मिलिमीटर अंतर ठेवलं तर ७५० रेघा होतात, प्रत्येकी ६०० मिलिमीटर. १,५०० च्या वेगानं पाच तास. अंतर ०.३ केलं तर ५०० रेघा आणि तीन तास वीस मिनिटं. पहिल्यात रेघांमधला उंचवटा ०.००५ मिलिमीटर राहतो, दुसऱ्यात ०.०११. सागाच्या रेषांपुढे हा फरक डोळ्याला कळत नाही, म्हणून ०.३ च घ्या. वळणांवर मशीन मंदावते, तेव्हा प्रत्यक्षात दीडपट वेळ धरा.

इतका वेळ खेड्यात लाइन सलग राहील याचा भरवसा नाही. बारीक काम तासा-तासाच्या भागांत तोडून वेगवेगळ्या फाइली करा. मशीनला लिमिट स्विच (टोकाला पोचल्याचं कळवणारी बटणं) असतील तर लाइन परतल्यावर आधी होमिंग घ्या, म्हणजे मशीनला त्या टोकांवरून आपली जागा पुन्हा ओळखू द्या. मशीन चालवणारा जीआरबीएल कंट्रोलर जी-५४ चं शून्य, म्हणजे तुम्ही ठरवलेला कामाचा आरंभबिंदू, लक्षात ठेवतो, त्यामुळे अर्धवट राहिलेला तेवढा एकच भाग पुन्हा चालवावा लागतो. लिमिट स्विच नसतील तर वाया जाणाऱ्या कडेत १ मिलिमीटरचं खूणभोक आधीच पाडून ठेवा, म्हणजे त्यावर बिट टेकवून शून्य पुन्हा लावता येतं. पाण्यावर थंड होणाऱ्या स्पिंडलचा पंप आणि स्पिंडल एकाच बटणावर घ्या, नाहीतर लाइन आल्यावर पंप बंद आणि स्पिंडल चालू अशी गत होते. पाण्याची बादली लोखंडी ठेवा आणि तिला ओलं पोतं गुंडाळा.

सागाचा भुसा कातडीला आणि श्वासाला त्रास देतो. एन-९५ मास्क लावा, गमछ्यानं भागत नाही.

मशीनवरून उतरलेली पट्टी अपुरीच असते. गोल बिट आतला कोपरा टोकदार करू शकत नाही आणि वरून उतरणारा बिट पाकळीच्या खाली शिरत नाही. प्रत्येक आतला कोपरा पटाशीनं, पाकळीची खालची कड गोल पटाशीनं कापा. या पट्टीला दीड-दोन तास जातात आणि जुन्या कामाची धारदार सावली त्यातूनच येते. पॉलिश पेपर नक्षीवर फिरवला तर कडा मरतात. केसाळ राहिलेला भाग नायलॉनच्या ब्रशनं साफ करा.

जुना तुकडा ठेवून नवा जोडायचा असेल तर सांध्यावरचं तेल थिनरनं पुसा आणि पंधरा-वीस मिनिटांत गोंद लावा. वेळ गेला तर तेल पुन्हा वर येतं आणि पहिल्याच उन्हाळ्यात सांधा सुटतो.

सपरीखालच्या पट्टीला जवसाचं तेल चालतं, पण ‘बॉइल्ड’ लिहिलेलं घ्या. घाण्याचं कच्चं तेल वाळायला आठवडे लागतात. पातळ हात द्या, दहा मिनिटांनी पुसा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा दोरीवर पसरून वाळवा.

बसवण्याआधी मागच्या बाजूला, विशेषतः आडव्या कापलेल्या टोकांना, वाळवीच्या औषधाचे दोन हात द्या. पट्टी भिंतीला चिकटवू नका, मागे ५ मिलिमीटर हवा राहू द्या. वर-खाली एकेक मिलिमीटर फट सोडा. आषाढात फळी फुगली की ती भरते.