भोपळा उडवण्याआधी: यंत्राची, गोफणीची आणि मैदानाची तयारी

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी नऊला आपलं भोपळे लांब फेकायचं यंत्र मेळाव्याच्या शेतात उभं असायला हवं, म्हणून ही यादी जूनपासून सुरू होते. यंदा तीन नवी घरं गटात आली आहेत, गेल्या वर्षी नुसती बघायला येणारी मुलं आता हातात पाना घेण्याएवढी झाली आहेत, आणि दरवर्षी फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढावं असं ठरलं.

आपण अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात राहतो आणि हा खेळ इथलाच. १९८६ साली ससेक्स काउंटीतल्या काही मित्रांच्या चढाओढीतून 'पंकिन चंकिन', म्हणजे यंत्राने भोपळा लांब फेकण्याचा खेळ, सुरू झालं. पुढे त्याची जागतिक स्पर्धा झाली, आणि मका-सोयाबीन निघालेल्या मोकळ्या रानात हॅलोविननंतरच्या आठवड्याअखेरीला हजारो माणसं जमू लागली. २०१३ मध्ये ब्रिजव्हिलच्या रानात 'अमेरिकन चंकर' नावाच्या हवेच्या तोफेने भोपळा ४,६९४.६८ फूट लांब टाकला, म्हणजे सुमारे १,४३१ मीटर. त्याआधी २०१० मध्ये युटातल्या मोआबला 'बिग टेन इंच' या तोफेने ५,५४५.४३ फुटांचा विक्रम केला होता. मुलं हे आकडे ऐकून आली की तोफच बनवूया म्हणतात. त्यांना पहिल्या दिवशीच सांगायचं: आपण तोफ बनवत नाही. दाबाखालची टाकी, झडपा, पोलादी नळी हे घराच्या गॅरेजमध्ये करायचं काम नाही. २०१६ च्या स्पर्धेत हवेच्या तोफेचा एक पोलादी भाग तुटून उडाला आणि एका महिलेला गंभीर इजा झाली. त्याच्या आधीची दोन वर्षं जागा आणि विम्याच्या अडचणींमुळे स्पर्धाच झाली नव्हती, आणि त्या अपघातानंतर ती डेलावेअरला परत आली नाही. २०१९ मध्ये भरली ती इलिनॉयमधल्या रँटूलला. आपण ज्या शेतावर जातो तिथला मेळावा छोटा आहे, चार गावच्या लोकांचा. तो टिकायला हवा असेल तर सुरक्षा या यादीत सगळ्यात वर राहील.

आपलं यंत्र ट्रेब्युशे. एका बाजूला जड वजन, दुसऱ्या बाजूला लांब दांडा, दांड्याच्या टोकाला गोफण. वजन खाली येतं, दांडा वर फिरतो, गोफण त्याच्याही पुढे झेपावते. न्यू हॅम्पशायरच्या 'यांकी सीज' नावाच्या मोठ्या ट्रेब्युशेने याच तत्त्वावर भोपळा अर्ध्या मैलाच्या पलीकडे टाकला आहे. मोठ्या स्पर्धेत भोपळा ८ ते १० पौंडांचा लागतो; आपण एक किलोच्या आसपासचे वापरतो, म्हणून यंत्रही माणसाच्या मापाचं आहे.

जूनच्या मध्यापर्यंत बिया लावून मोकळं व्हा. भोपळ्याला साधारण १०० ते १२० दिवस लागतात, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला फळ हाती येतं. बाजारात ऐनवेळी भोपळे मिळतात, पण ते दिव्यासाठी कोरायचे: साल पातळ, आत मोठी पोकळी. आपल्याला गोल, घट्ट, जाड गराचे हवेत, 'पाय' (pie, भोपळ्याचा गर भरून भाजलेला गोड पदार्थ) करायला वापरतात त्या छोट्या 'शुगर' जातीचे. मोठी यंत्रं चालवणारे पांढरे 'कॅस्पर' आणि 'लुमिना' निवडतात, तेही याच कारणाने. हवेत जाताच फुटलेला भोपळा 'पाय' झाला म्हणतात आणि ती फेक मोजत नाहीत. वेलीवर फळ धरलं की त्याखाली पेंढा घाला आणि आठवड्यातून एकदा फळ हलक्या हाताने थोडं फिरवा, नाहीतर एक बाजू चपटी होते आणि चपटा भोपळा गोफणीतून सरळ सुटत नाही. चाळीस तरी फळं धरा. पंचवीस फेकायला, बाकीची डाग पडून, देठ मोडून, खारींच्या दातांनी जातात.

जुलैत सांगाडा. लाकूड घ्यायला जाल तेव्हा घाई करू नका. दांड्यासाठी गाठ नसलेलं, रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ गेलेलं लाकूडच घ्यायचं, मग दहा फळ्या उलटून पाहाव्या लागल्या तरी चालेल. दांडा एकूण ३ मीटर, आस अशी की वजनाकडची बाजू ६० सेंटिमीटर आणि गोफणीकडची २ मीटर ४०, म्हणजे एकास चार. आसेसाठी दांड्याच्या मधोमध मोठं भोक पाडू नका. सगळ्यात जास्त ताण तिथेच येतो आणि भोकाने लाकूड तिथेच कमजोर होतं. घन पोलादी गज दांड्याच्या खालून पट्ट्यांनी आवळून बसवायचा, दोन्ही बाजूंना बेअरिंग. आस जमिनीपासून १ मीटर ७० उंच. दोन्ही खांब ओळंब्यात आहेत का, आस पाणसळीत आहे का, कोपरे गुण्यात आहेत का हे जोडणीच्या प्रत्येक टप्प्याला बघा. आस एका बाजूला जराशी कलली की भोपळा डावीकडे जातो, आणि मग तुम्ही चार दिवस गोफणीत दोष शोधत बसता.

सांगाड्याला चाकं लावली आहेत ती ने-आण करण्यासाठी तर आहेतच, पण फेकताना सांगाडा मागेपुढे सरकला की वजन जास्त सरळ खाली येतं आणि हिसका कमी बसतो. मात्र रानातल्या मऊ मातीत चाक रुतलं की हा फायदा गेला. म्हणून प्लायवूडच्या दोन फळ्या खाली टाकायला न्यायच्याच.

वजन १०० किलो, झुलत्या पेटीत. वाळू स्वस्त पडते, पण ती ओल धरते, रात्रीच्या दवाने जड होते आणि आदल्या दिवशी जुळवलेलं सगळं सकाळी बदलतं. आम्ही जिमच्या लोखंडी तबकड्या वापरतो. हिशोब मुलांना करायला लावा, त्यांना मजा येते: १०० किलो वजन १ मीटर खाली येतं आणि १ किलोचा भोपळा उडतो, तर सगळी ऊर्जा भोपळ्यात गेली असं धरून, हवेचा विरोध सोडून, कागदावर २०० मीटर निघतात. प्रत्यक्षात काही ऊर्जा दांडा फिरवण्यात जाते, काही घर्षणात, काही हवा खाते. निम्मं अंतर मिळालं तर यंत्र चांगलं जुळलंय असं मी समजते.

आता गोफण, आणि इथे मी जास्त वेळ घेणार आहे. माझे आजोबा बार्शीकडे ज्वारीच्या रानात माळ्यावर उभे राहून गोफण फिरवायचे, हुरड्याच्या दिवसांत पाखरांचे थवे उठवायला. अंबाडीच्या वाखाची विणलेली गोफण, एका दोरीचा फास बोटात अडकवलेला, दुसरी दोरी मुठीत. दगड नेमका कधी सोडायचा ते त्यांच्या हाताला कळायचं. ट्रेब्युशेची गोफण तीच. एक दोरी दांड्याला पक्की बांधलेली, दुसरीच्या टोकाला कडी, आणि ती कडी दांड्याच्या टोकावरच्या पिनेवर नुसती अडकवलेली. यंत्राला हात नाही, म्हणून कधी सोडायचं ते ही पिन ठरवते.

गोफणीची लांबी दांड्याच्या लांब बाजूएवढी किंवा किंचित कमी ठेवा. आमची २ मीटर ३० आहे. नायलॉन ताणतो, म्हणून दोरी पॉलिस्टरची. झोळी जाड कॅनव्हासची, भोपळा बसेल एवढीच; खोल झोळी भोपळ्याला धरून ठेवते. कडी पिनेवर असताना दोन्ही दोऱ्या समान ताणल्या जायला हव्यात. हे बघायला झोळीत भोपळा ठेवून गोफण हाताने उचला: झोळी एका बाजूला कलंडली तर गाठ सोडून पुन्हा बांधा.

पिन गुळगुळीत हवी. गुळगुळीत म्हणजे नख फिरवलं तर कुठेही अडकणार नाही एवढी. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये मी पिनेवर गंजाचा एक ठिपका पाहिला आणि पुढच्या वेळी घासू म्हणून सोडून दिला. चाचणीच्या दिवशी कडी त्याच ठिपक्यावर क्षणभर अडली. भोपळा पुढे न जाता यंत्रासमोर तीन मीटरवर जमिनीत घुसला आणि मातीची ढेकळं पार कुंपणापर्यंत उडाली. कुणाला लागलं नाही, कारण सगळे बाजूला उभे होते. तेव्हापासून कानस, बारीक पॉलिश पेपर आणि मेणाची डबी माझ्या पिशवीत असते, आणि दर पाच फेकींनंतर मी पिन पुसते.

पिनेचा कोन असा वाचायचा: भोपळा सरळ वर जाऊन जवळच पडतोय किंवा मागे जातोय, म्हणजे तो लवकर सुटतोय, पिन फेकीच्या दिशेने थोडी वाकवा. समोर जमिनीवर आदळतोय, म्हणजे उशिरा सुटतोय. पिन थोडी सरळ करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि वहीत लिहा: वजन, भोपळ्याचं वजन, गोफणीची लांबी, पिनेचा कोन, वारा, अंतर. वही लिहायचं काम एका मुलाकडे पूर्ण द्या, मधे हात घालू नका.

गोफण ज्यातून सरकते ती सांगाड्याखालची पन्हळही घासून मेण लावून ठेवा. खाली ओढलेला दांडा अडकवून ठेवणारा खटका लांब दोरीने ओढायचा; आमची दोरी ८ मीटर आहे, त्याहून छोटी चालणार नाही.

सप्टेंबरभर चाचण्या, पण पहिल्या दहा भोपळ्याने नाहीत. एक किलो वाळूच्या घट्ट शिवलेल्या पिशव्या वापरा, त्या फुटत नाहीत आणि परत आणता येतात. या चाचण्यांमध्येच प्रत्येकाच्या हातात क्रम बसू द्या. रिकाम्या पेटीने दांडा खाली ओढायचा, खटक्यात अडकवायचा, सुरक्षेची खीळ घालायची, मगच पेटीत तबकड्या भरायच्या. फेक रद्द करावी लागली तर याच्या उलट: आधी तबकड्या काढायच्या. वजनासकट दांडा खाली आणावाच लागला तर टोकाशी सुमारे २५ किलोची ओढ येते, दोन मोठ्या माणसांचं काम, मुलांचं नाही. ताणलेल्या दांड्याच्या रेषेत आणि पेटीखाली कुणीही जायचं नाही, पडलेली टोपी घ्यायलासुद्धा. भोपळा ठेवणारा आणि कडी अडकवणारा एकच माणूस. तो बाजूला आला, त्याने हात वर केला, की दुसरा खीळ काढतो, आणि मग तिसरा दोरी ओढतो.

ट्रेब्युशे मागेही फेकू शकतं हे नव्या लोकांना खरं वाटत नाही, म्हणून पहिल्या चाचणीला त्यांना पिन मुद्दाम चुकीची लावून, पिशवीने दाखवा. मग मागे गाड्या का उभ्या करायच्या नाहीत हे पुन्हा सांगावं लागत नाही. समोर आणि मागे कुणी नाही, बघणारे दोन्ही बाजूंना ३० मीटर लांब दोरखंडाच्या पलीकडे. पडलेला भोपळा मोजायला जाणाऱ्याच्या हातात लाल झेंडा. तो झेंडा रानात दिसतोय तोवर यंत्र ताणायचंच नाही.

ऑक्टोबरमध्ये कागद. शेताच्या मालकांची लेखी परवानगी, आयोजकांकडे नोंदणी, विम्याचा कागद, मुलांच्या पालकांच्या सह्या. हे एका दुपारचं काम आहे, शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. भोपळे काढताना देठ चार बोटं ठेवून कापा. घरी आणल्यावर प्रत्येकाचं वजन करून सालीवर खडूने लिहा आणि थंड, कोरड्या जागी एका थरात मांडा, एकावर एक नाही. फेकायच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक भोपळ्यावर अंगठा दाबून बघा. देठाभोवती मऊ लागला तर बाजूला. काही जण भोपळा गोठवून आणतात म्हणे. आपण ते करायचं नाही. गोठलेला भोपळा दगड होतो.

शुक्रवारी रात्री गाडीत भरायचं: पाने, जादा नटबोल्ट, दोन तयार गोफणी, तीन पिना, ग्रीस, कानस, लांब टेप, वही आणि दोन पेन्सिली (थंडीत पेन चालत नाही), हातमोजे, सगळ्यांसाठी हेल्मेट आणि चष्मे, प्रथमोपचाराची पेटी, झेंडे, दोरखंड, प्लायवूड. थर्मासमध्ये चहा, डब्यात थालीपीठं. सकाळी सहाला तिथे दव असतं, म्हणून गोफणी कोरड्या डब्यातच न्या आणि यंत्र उभं झाल्यावरच बाहेर काढा.

दुपारी आवरताना फुटलेले भोपळे शेतकरीदादांच्या गुरांसाठी गोळा करायचे, प्रत्येक तुकडा, खिळे-बोल्ट राहिले नाहीत ना हे मुलांनी रांगेत चालत बघायचं. ज्या भोपळ्याने सगळ्यात लांबची मजल मारली त्याच्या बिया वेगळ्या काढून धुऊन वाळवा. गोफणी घरी आणून दोरीवर पसरा, चिखल सुकल्यावर झटका, आणि पिनांना तेल लावून त्या बिस्किटांच्या जुन्या डब्यात ठेवा. तो डबा आमच्या गॅरेजमध्ये वरच्या फळीवर असतो.