सर्व्हिस परतवताना या चुका टाळा

टेबल टेनिसमध्ये दोघांनाही आलटून पालटून दोन-दोन सर्व्हिस मिळतात. म्हणजे ११ गुणांच्या गेममध्ये जवळपास निम्मे गुण तुमच्या रिसीव्हपासून, म्हणजे सर्व्हिस परतवण्यापासून, सुरू होतात. तरी सराव बघा: लूप (चेंडू घासून टॉपस्पिन देत केलेला हल्ला), स्मॅश, काउंटर (हल्ल्याला उलट हल्ल्याने उत्तर), वेळ उरला तर स्वतःची सर्व्हिस. रिसीव्हसाठी वेगळा वेळ क्वचितच कोणी काढतं. मग मॅचमध्ये चेंडू नेटमध्ये गेला की आपण हाताला दोष देतो. माझं ठाम मत आहे की चूक बहुतेक वेळा हाताची नसते, नजरेची असते.

नजर टॉसवर, बॅटवर नाही

चेंडू वर उडाला की आपली नजरही त्याच्यामागे वर जाते, आणि बॅट चेंडूला लागते तो क्षण निसटतो. स्पिन, म्हणजे चेंडूची फिरकी, तिथेच ठरतो. तो क्षण दिसणं हा तुमचा हक्क आहे. टॉस किमान १६ सेंटिमीटर वर गेला पाहिजे, आणि २००२ पासून हाताने किंवा अंगाने चेंडू झाकून सर्व्हिस करायला बंदी आहे. कोणी झाकत असेल तर पंचांना शांतपणे सांगा. त्यात भांडखोरपणा काही नाही.

काय बघायचं? बॅट लागतेवेळी कुठे चालली होती, एवढंच. ती ज्या दिशेने गेली, त्याच दिशेने चेंडू तुमच्या बॅटवरून सुटू पाहतो. बॅट खाली गेली तर बॅकस्पिन, तुमचा चेंडू नेटमध्ये बसणार. वर गेली तर टॉपस्पिन, चेंडू उडून टेबलाबाहेर. उजव्या हाताने केलेल्या नेहमीच्या पेंड्युलम सर्व्हिसमध्ये (हात लंबकासारखा झुलवून केलेल्या) बॅट समोरच्याच्या उजवीकडून डावीकडे जाते, म्हणून तुमचा चेंडू त्याच्या डावीकडे पळतो. हा साइडस्पिन. उपाय तिन्हींना एकच: बॅट जिथून निघाली, तिकडे निशाणा धरा. बॅकस्पिनला बॅटचं तोंड थोडं वर, टॉपस्पिनला खाली झुकलेलं, साइडस्पिनला बाजूला वळवलेलं.

चांगला सर्व्हर चेंडू सुटल्यावरही हात जोरात फिरवतो. ते सगळं तुम्हाला फसवण्यासाठी असतं. चेंडू लागला की त्याच्या हाताकडे बघणं बंद करा.

साध्या चेंडूवर गुण जातो

जास्त त्रास भरपूर स्पिनवाल्या सर्व्हिसचा होतो असं वाटतं, पण मॅचमध्ये मी लोकांना बिनस्पिनच्या चेंडूवरच जास्त अडकताना बघते. हालचाल हुबेहूब बॅकस्पिनची असते, पण चेंडू लागतो मुठीजवळच्या भागावर, जिथे बॅटचा वेग कमी असतो. तुम्ही बॅटचं तोंड वर उघडून पुश करता, म्हणजे चेंडू खालून हलकेच पुढे ढकलता, चेंडू उंच उठतो आणि समोरचा तो मारून मोकळा होतो. ओळखायच्या खुणा आहेत. घासून मारलेल्या चेंडूचा आवाज दबका असतो, साध्याचा टक्क असा ठळक. चेंडूवरचा छापा हवेत ओळखू येत असेल, तर स्पिन फार कमी आहे. टप्प्यानंतर बॅकस्पिनचा चेंडू रेंगाळतो, टॉपस्पिनचा पुढे झेपावतो.

मॅचआधी समोरच्याची बॅट हातात घेऊन बघा. नियमाने ती तुम्हाला दाखवावीच लागते. एका बाजूला लांब दाण्यांचं रबर असेल तर त्यावरून आलेल्या सर्व्हिसला स्पिन फारसा नसतो.

घट्ट मूठ, आखूड पाय

ताण आला की मूठ आवळते, आणि मग शॉर्ट ड्रॉप, म्हणजे नेटजवळ आखूड ठेवायचा चेंडू, लांब जाऊन पडतो. मूठ सैल ठेवा. ड्रॉपसाठी चेंडू टप्प्यावरून वर येतानाच हलका स्पर्श करा. तो शिखरावर पोहोचेपर्यंत थांबलात तर आखूड ठेवणं कठीण.

शॉर्ट सर्व्हिसला नुसता हात लांबवू नका. उजव्या हाताने खेळणाऱ्याने उजवा पाय टेबलाखाली घालून शरीर चेंडूजवळ न्यावं, आणि फटका होताच मागे यावं. बरेच जण आत जातात आणि तिथेच उभे राहतात, मग पुढचा लांब चेंडू अंगावर येतो. मुळात टेबलाला चिकटून उभं राहणंही चूकच. साधारण हातभर अंतर ठेवा.

सगळ्याला पुश

पुश सुरक्षित वाटतो, पण दर वेळी तोच आला की समोरचा तिसऱ्या चेंडूवर, म्हणजे तुमच्या परतीनंतरच्या त्याच्या फटक्यावर, लूप लावायला आधीच तयार असतो. कधी आखूड ड्रॉप, कधी कोपऱ्यात वेगवान लांब पुश, कधी फ्लिक (आखूड चेंडूवर मनगटाच्या झटक्याने हल्ला). आणि ज्या सर्व्हिसचा दुसरा टप्पा तुमच्या टेबलाच्या काठावर किंवा जरा बाहेर पडतो, तिला घाबरून पुश करू नका. क्षणभर थांबा, चेंडू बाहेर येऊ द्या आणि लूप करा.

सराव कसा करायचा

जोडीदाराला एकाच हालचालीतून दोनच प्रकारच्या सर्व्हिस करायला सांगा: बॅकस्पिन आणि साधी. चेंडू तुमच्या बाजूला टप्पा घेण्याआधी तुम्ही मोठ्याने म्हणायचं, “खाली” किंवा “साधा”. परतवलेला चेंडू टेबलावर पडला की नाही हे पहिले काही दिवस मोजूच नका, फक्त ओळख बरोबर आली का ते मोजा. वीसपैकी अठरा बरोबर यायला लागले की साइडस्पिन मिसळा. आणि ज्या सर्व्हिसवर तुम्ही सारखे फसता, ती स्वतः करायला शिका. मनगट कुठल्या क्षणी वळतं हे आपल्या हाताला कळलं की समोरच्याच्या हातातही ते दिसायला लागतं.