कमोडोर ६४ वरचं मायक्रोलीग बेसबॉल आज कसं खेळायचं

लहानपणी बुक क्रिकेट खेळलाय ना? पुस्तक उघडायचं, पान नंबरचा शेवटचा आकडा बघायचा, शून्य आलं की आऊट. १९८४ साली अमेरिकेत, कमोडोर ६४ सारख्या त्या काळच्या घरगुती कॉम्प्युटरवर आलेलं मायक्रोलीग बेसबॉल म्हणजे त्याचाच हुशार थोरला भाऊ, फक्त इथे आकडे खऱ्या खेळाडूंचे असतात आणि पानं कॉम्प्युटर उलटतो. जॉयस्टिक घेऊन बॅट फिरवायची नाही, तुम्ही मॅनेजर, बसून हुकूम सोडायचे.

आधी व्हाइस नावाचा फुकटचा एम्युलेटर (आजच्या कॉम्प्युटरवर जुन्याची नक्कल करणारा प्रोग्रॅम) डाउनलोड करा आणि त्यातला कमोडोर ६४ चालू करा, निळा स्क्रीन येईल. मग गेमची डिस्क इमेज (म्हणजे फ्लॉपीची फाइलमधली प्रत) मेन्यूतून ड्राइव्ह ८ ला जोडायची आणि टाइप करायचं लोड "*",८,१ (अर्थात इंग्रजी कीबोर्डवरच), एंटर, रेडी आलं की रन. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा अवतरण चिन्हच सापडेना, दहा मिनिटं नुसती बटणं बडवली! कमोडोरवर ते शिफ्ट आणि २ वर असतं, त्यामुळे सेटिंगमध्ये कीमॅप सिम्बॉलिक करून टाका, म्हणजे आपल्या कीबोर्डवर जिथे छापलंय तिथेच मिळेल. किंवा सरळ स्मार्ट अटॅच वापरा, ते डिस्क जोडून गेम आपोआप चालू करतं, टाइप करायची कटकटच नको. लोडिंग जाम हळू चालतं, जुन्या फ्लॉपी ड्राइव्हची हुबेहूब नक्कल आहे ती, तेव्हा ऑल्ट आणि डब्ल्यू दाबून सगळं वेगात पळवणारा वार्प मोड लावा, लोड झालं की बंद करा, नाहीतर मॅच डोळ्यांसमोरून पळेल.

आता टीम. पहिल्या खेपेला १९२७ ची न्यूयॉर्क यांकीज घ्या, दुसरं काही बघू नका. त्या सीझनला ११० मॅच जिंकल्या, ४४ हरल्या, बेब रूथचे ६० होमरन (आपल्या सिक्सरसारखा फटका) आणि त्याच्या पाठोपाठ लू गेरिगचे ४७. समोर कॉम्प्युटर ठेवा किंवा मित्राला बसवा.

खरी गंमत पुढे आहे. बॅटिंग करताना विचारतात काय करायचं: नुसतं मारायचं, बंट करायचा (बॅट न फिरवता बॉल हळूच जवळ टाकायचा), बेस चोरायचा (फटक्याची वाट न बघता रनरने पुढच्या बेसवर, म्हणजे पुढच्या थांब्यावर पळायचं) की हिट अँड रन, म्हणजे पिचरने बॉल टाकताच रनर पळणार आणि बॅट्समनने काहीही करून बॉलला बॅट लावायची. नवा माणूस काय करतो, बटणं आहेत म्हणून सगळी वापरत सुटतो आणि तिथेच मरतो. बघा, अर्ल कोम्ब्स बेसवर आहे, एक-दोन जणांनंतर रूथ येणार आहे, आता तुम्ही चोरी करायला गेलात आणि तो आऊट झाला तर इनिंगच्या तीनपैकी एक आऊट फुकट घालवलात, आणि मागे ६० होमरनवाला उभाय! बाल्टिमोरच्या बेसबॉल टीमचा मॅनेजर अर्ल वीव्हर याच कारणाने बंटवर वैतागायचा, पुढे १९८७ ला त्याच्याच नावाने अमिगा कॉम्प्युटरवर असाच एक गेम आला. तेव्हा यांकीज असेल तर गप बसा, मारू द्या. बंट-चोरी वगैरे नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगला एका रनसाठी अडलात तर.

फिल्डिंगला असताना मात्र जागे राहा. पिचर दमतो, आणि आपल्याला वाटतं अजून एक इनिंग काढेल, तिथेच चार रन जातात. लागोपाठ दोन हिट पडले की बदला, भावनिक होऊ नका. यांकीजकडे विल्सी मूर आहे, त्या वर्षी १९ मॅच जिंकल्या त्याने आणि बहुतेक वेळा मधूनच बॉलिंगला यायचा, त्याला शेवटच्या दोन-तीन इनिंगसाठी राखून ठेवा.

आणि हो, शेजारी वही-पेन्सिल ठेवा, कोण कसा आऊट झाला ते लिहा. स्टॅट्स साठवायची डिस्क तेव्हा वेगळी विकत मिळायची, स्वतःची टीम बनवायची जनरल मॅनेजर डिस्कसुद्धा वेगळीच, पण तिच्या नादाला दहा-बारा मॅच झाल्यावरच लागा.